मेंढीचं मटण: ठाण्यात खात्रीचं कसं मिळवायचं आणि वास न येता शिजवायचं कसं?

तळवलीची_लेक | शनिवार, रात्री १०:२०

मंडळी, प्रश्न मटणाचा आहे, पण त्यात दोन घरं गुंतलीत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर घणसोलीजवळच्या तळवलीचं, आगरी. आमच्यात मटण म्हणजे बोकड. दुसरं काही असू शकतं हे लग्न होईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. हळदीच्या रात्री मांडवामागे बाप्ये चुलाणं पेटवून मोठाल्या टोपांत मटण रटरटवत ठेवायचे, त्यात घरी कुटलेला लाल मसाला आणि अर्धे कापलेले बटाटे. ओसरीवर बाया तांदळाच्या भाकऱ्या थापत बसायच्या. मटण शिजल्याचा वास गल्लीच्या टोकाला आला की आम्ही पोरं पत्रावळी घेऊन पळायचो. माझ्या डोक्यात मटण हे असं बसलेलं आहे.

सासर हवेली तालुक्यातलं, वाघोलीच्या पलीकडे. सासरी बोल्हाई. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाडे बोल्हाईच्या देवीला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकड चालत नाही, मेंढीचं चालतं. पुण्याकडे दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटीच असते, त्यामुळे तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. इथे मी गेल्या महिन्यात चार दुकानांत विचारलं. तिघांनी ‘मटण म्हणजे बोकडच ना ताई’ म्हणून परत पाठवलं. चौथ्याने मेंढी म्हणून दिलं, पण ते खरंच मेंढीचं होतं का, याची मला खात्री देता येत नाही. मी ते सासूबाईंच्या ताटात वाढलं नाही.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. पुढच्या आठवड्यात त्या आमच्याकडे माजिवड्याला राहायला येतायत, थेट होळीपर्यंत. आजारातून उठल्यात, तोंडाला चव नाही. फोनवर त्यांनी एकच गोष्ट मागितली: ‘एकदा वशाट कर, आपलं.’ त्या ‘आपलं’ शब्दावर मी अडकले आहे.

माझे प्रश्न:
मेंढीचं मटण खात्रीने ओळखायचं कसं? मागे दोनदा पुण्याहून आणून केलं तेव्हा आईच्या पद्धतीने, म्हणजे भरपूर तेल, वाटण आणि आगरी मसाला घालून केलं. वासही आला आणि ताटात गार झाल्यावर वर पांढरी साय धरली. माझं काय चुकलं? आणि तिसरं, मुलगा बारावीला आहे, तो म्हणतो इंग्रजीत ‘मटन’ म्हणजे मेंढीच, बोकडाला आपण चुकून मटण म्हणतो. हे खरं का?

---

राबोडीचा_जुना_गिऱ्हाईक | शनिवार, रात्री ११:०५

ताई, एवढा विचार कशाला? देवीला बोकड काय, मेंढी काय. माणसाच्या पोटात गेल्यावर सारखंच. म्हाताऱ्या माणसाला मऊ शिजवून घाला, त्यांना कळणारही नाही.

---

तळवलीची_लेक | शनिवार, रात्री ११:३०

दादा, तुम्ही काळजीनेच सांगितलंत, पण हे मी करणार नाही. का ते सांगते.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी चुलत भावाची हळद होती. आईने निघताना मोठा डबा भरून दिला. मी नवी, कौतुकाने तो थेट सासरी नेला आणि रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना वाढायला घेतला. सासऱ्यांनी ताट पुढे घेतलं, मग विचारलं, ‘बोकडाचं का गं?’ मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत. शेंगदाण्याची चटणी मागितली आणि तिच्याबरोबर बाजरीची भाकरी खाऊन उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी तो डबा टाकला नाही. वेगळ्या पातेल्यात गरम केला, मला एकटीला अंगणात पाट मांडून दिला आणि म्हणाल्या, ‘तुझ्या आईनं एवढं राबून दिलंय, तू पोटभर जेव.’ मी जेवेपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या.

सासरे आता नाहीत. त्या बाईंना न सांगता बोकड वाढणं माझ्याने होणार नाही.

---

सुरीवाला | रविवार, सकाळी ६:५०

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या खाटकाचं. मी स्वतः कळव्यात दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. ताई, तुम्ही वाढलं नाहीत ते बरोबर केलंत.

ओळखायचं असं. तुकडे केलेलं मटण कधी घेऊ नका, टांगलेलं जनावर बघा. पहिली खूण शेपटीची. बोकडाची शेपटी आखूड आणि वर वळलेली असते. मेंढीची खाली लोंबती असते. म्हणूनच चांगला दुकानदार शेपटी शेवटपर्यंत काढत नाही, ती गिऱ्हाइकासाठी ठेवलेली असते. दुसरी खूण पाठीची. मेंढीच्या पाठीवर, कमरेवर कातड्याखाली चरबीचा पांढरा थर असतो. बोकडाची पाठ कोरडी, लालसर, कारण त्याची चरबी आत गुर्द्याभोवती साठते. गुर्दे दोघांचेही चरबीत असतात, पण बाहेरची पाठ खोटं बोलत नाही.

तिसरी खूण वयाची. मुंडी दाखवायला सांगा आणि खालचे पुढचे दात बघा. सगळे दुधाचे बारीक दात असतील तर जनावर वर्षाच्या आतबाहेर. मधले दोन मोठे आले असतील तर दोन दाती, साधारण सव्वा-दीड वर्षाचं. चार दाती म्हणजे दोनच्या आसपास. तुमच्या सासूबाईंसाठी दोन दातीच्या वर जाऊ नका. म्हाताऱ्या मेंढ्याचा वास कशानेही जात नाही.

मिळायचं म्हणाल तर देवनारला मेंढ्याही येतात, मिळत नाही असं नाही. ठाण्यातला दुकानदार ठेवत नाही, कारण रोजचं गिऱ्हाईक बोकड मागतं आणि मेंढी दिली तर भांडतं. दोन दिवस आधी सांगा, अख्खा मागचा फरा घ्या शेपटीसकट. दोन-तीन बोल्हाईवाली घरं मिळून अर्ध जनावर घेत असाल तर कुठलाही दुकानदार आणून देईल. ठाण्यात अशी घरं खूप आहेत, फक्त एकमेकांना माहीत नाहीत.

---

मोठ्या_गॅलीचा_कुक | रविवार, दुपारी १२:१५

ऐरोलीत राहतो. एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होतो, त्यामुळे मुलाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या.

मुलगा इंग्लंड-ऑस्ट्रेलियापुरतं बरोबर सांगतो. शब्द मुळात फ्रेंच ‘मुतों’, म्हणजे मेंढी. तिकडे वर्षाच्या आतलं ते लॅम, एक ते दोन वर्षांचं हॉगेट आणि त्यापुढचं मटन. म्हणजे त्यांच्याकडे मटन हा शब्द जनावराबरोबर वयही सांगतो. सुरीवाले साहेबांचा दाताचा हिशेब तिकडेही तसाच चालतो. ऑस्ट्रेलियात पूर्वी कायमचा दात दिसला की लॅम हे नाव संपायचं. २०१९ मध्ये नियम बदलला, आता तो दात वर येऊन वापरात येईपर्यंत लॅमच म्हणतात. एका दातामुळे शेतकऱ्याचा भाव पडायचा, म्हणून हा बदल.

आपल्याकडे साहेब शब्द घेऊन आला, पण इथल्या बाजारात मुख्य जनावर शेळीचं होतं. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे १४.९ कोटी शेळ्या आणि ७.४ कोटी मेंढ्या मोजल्या गेल्या, म्हणजे दुप्पट. शब्द त्यांचा राहिला, अर्थ आपला बसला. यात चूक काहीच नाही. तेलंगणात मेंढ्या देशात सर्वांत जास्त, म्हणून तिकडच्या माणसाला मटण म्हटलं की मेंढाच आठवतो. माझा एक सहकारी वारंगळचा होता, तो जहाजावर बोकड आला की नाक मुरडायचा.

आता जरा माझ्या आवडीचं. न्यूझीलंडच्या मेंढ्या पूर्वी लोकरीसाठी पाळायच्या. मांसाला गिऱ्हाईकच नाही, म्हणून जनावरं उकळून चरबी काढायचे आणि बाकी फेकून द्यायचे. १५ फेब्रुवारी १८८२ला ‘ड्युनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज गोठवलेल्या सुमारे पाच हजार मेंढ्या घेऊन पोर्ट चाल्मर्सहून निघालं आणि मे महिन्यात लंडनला पोहोचलं. शिडाच्या जहाजावर कोळशाचं थंडीचं यंत्र! त्या एका फेरीने एका देशाचं नशीब बदललं. पोर्ट चाल्मर्सला मी दोनदा उतरलो आहे, दोन्ही वेळा धक्क्यावर जाऊन उभा राहिलो.

आणि गंमत नव्हे, खरी गोष्ट: इंग्लंडात हळूहळू सगळे लॅम खायला लागले आणि मटन विस्मरणात गेलं. इतकं, की २००४ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांना मटन पुन्हा खा म्हणून मोहीम काढावी लागली. आपण त्यांचा शब्द सांभाळला म्हणायचं.

---

बोल्हाई_खराडी | रविवार, दुपारी ३:४०

वहिनी, राम राम. मी मूळ खराडीचा, आता कोपरीत. आमच्याबी घरात बोल्हाईच. वाचून डोळे भरून आले, तुमच्या सासऱ्यांसारखाच माझा आजा होता.

तुमचं चुकलं ते तेलात. मेंढीला वरून तेल घालायचं नसतं. माझी आई पाठीवरची चरबी आधी बाजूला काढायची, बारीक चिरून कोरड्या पातेल्यात मंद आचेवर वितळवायची आणि त्यातल्या दोन-तीन चमच्यांवरच कांदा टाकायची. उरलेली चरबी घालायचीच नाही. तुम्ही तेल घातलं, वर ओल्या नारळाचं वाटण, त्यात मेंढीची स्वतःची चरबी. मग साय धरणारच. मेंढीची चरबी लवकर थिजते, ताटात गार झाली की टाळूला चिकटते. म्हणून आमच्याकडं मेंढीचं मटण खाणारा आधी ताटावर बसतो आणि मग पातेलं चुलीवरून उतरतं.

खोबरं सुकं, तेही थोडं, चांगलं काळपट भाजलेलं. कांदा भाजलेला. तीळ थोडे. घरचा काळा मसाला. आलं मात्र बोकडाला घालता त्याच्या दुप्पट. आणि भाकरी बाजरीचीच, तांदळाची नको. बाजरी ती चरबी पिऊन घेते.

दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात येतात, रायगडात शेतांत वाघर, म्हणजे मेंढरांभोवती जाळं, लावून बसलेले दिसतील. आमचा चुलता पेणकडं त्यांच्याकडूनच कोकरू घ्यायचा. दख्खनी मेंढरं, चालून चालून अंग सडपातळ झालेलं, चरबी कमी. तसं मिळालं तर सोनं.

---

नेरूळ_सेक्टर_वीस | रविवार, रात्री ९:१०

ताई, मी सीकेपी, माझ्याही माहेरी बोकडच. पण यजमान हवाई दलात होते आणि आम्ही श्रीनगरला तीन वर्षं काढली. तिथे मेंढी हेच मटण. बोकड मागितला तर दुकानदार ‘बरं नाही का घरात कुणाला?’ असं विचारायचा. तिथेच मला मेंढीची भीती गेली, म्हणून लिहिते.

आमच्या शेजारी एक पंडित कुटुंब होतं. त्या काकूंच्या रोगनजोशात कांदा नाही, लसूण नाही. हिंग, बडीशेपेची पूड, सुंठेची पूड, काश्मिरी मिरची, दही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं याला चव कशी येणार. पण मेंढीच्या चरबीला जो एक उग्र वास असतो तो बडीशेप आणि सुंठ झाकत नाहीत, त्याच्यात मिसळून त्याचा सुगंध करतात. दुसरा मार्ग मला सुचत नाही सांगायला, तुम्ही करून बघा. आणि ऐका, त्यांच्याकडे महाशिवरात्रीला, त्यांच्या हेरथला, मटण आणि मासे शिजतात. आमच्याकडे त्या दिवशी साबुदाणा. मी उपास धरून त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते आणि काकू मला अक्रोड फोडून देत होत्या. देव एकच. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, का ते अजूनही नीट सांगता येत नाही.

मुसलमान शेजाऱ्यांच्या लग्नात वाझवान जेवलो. एका मोठ्या तांब्याच्या ताटात चौघांनी जेवायचं. आदल्या रात्री वाझा, म्हणजे आचारी, अंगणात दगडावर लाकडी मोगरीने मांस कुटत होते, चरबी मिसळून, शिरा काढून, इतकं की ते पिठासारखं ताणलं जायचं. त्याचे गोळे लाल रश्श्यात गेले की रिस्ता, दह्याच्या रश्श्यात गेले की गुश्ताबा. गुश्ताबा वाढला की जेवण संपलं असं समजायचं. तिथे चरबी टाकण्याची वस्तू नाही, तीच मऊपणा देते. थंडीत पहाटे हरिसा मिळायचा, रात्रभर शिजवून घोटलेलं मटण आणि तांदूळ. दात नसलेले आजोबा बोटांनी खायचे. तुमच्या सासूबाईंना दातांचा त्रास असेल तर हे लक्षात ठेवा.

आता तुमच्यासाठी. बोल्हाई_खराडी दादांची पद्धत मोडू नका, ती त्यांची ‘आपली’ चव आहे. फक्त पहिलं पाणी असं करा: मटण धुऊन हळद, मीठ, ठेचलेलं आलं, चिमूटभर हिंग आणि एक चमचा बडीशेप फडक्यात बांधून त्यात सोडा. उकळी आली की वरचा फेस काढत राहा, अगदी स्वच्छ होईपर्यंत. मग झाकण. कोवळं असेल तर कुकरला तीन-चार शिट्ट्या पुरतात. पुरचुंडी काढून टाका, बडीशेप होती हे कुणाला कळणार नाही. हे पाणी थोडं आधी वाटीत काढून सासूबाईंना प्यायला द्या.

---

तळवलीची_लेक | पुढचा रविवार, रात्री ९:५५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. झालं ते लिहिते.

सुरीवाले दादांनी सांगितल्याप्रमाणे गुरुवारीच दुकानात सांगून ठेवलं. आमच्याच सोसायटीत सातव्या मजल्यावर शिरूरकडचं कुटुंब आहे, त्यांच्याकडेही बोल्हाई. अकरा वर्षं लिफ्टमध्ये भेटतो, कधी विषय निघाला नव्हता. अर्ध जनावर दोघींनी वाटून घेतलं. आज सकाळी साडेसहाला मुलाला बरोबर घेऊन गेले. त्याने शेपटी बघितली, पाठीचा थर बघितला, दात मोजले. दोन दाती.

घरी आल्यावर मी फरा तसाच परातीत ठेवून सासूबाईंपुढे नेला. त्यांनी चष्मा लावला, शेपटी दोन बोटांत धरून उलटी-सुलटी केली आणि म्हणाल्या, ‘हं, चढव.’ म्हणजे नुसतं चवीवर त्यांनी सोडलंच नसतं. राबोडीचे दादा, तुम्ही हे वाचत असाल तर बघा.

चरबी वितळवून तिच्यावर कांदा घातला, तेलाचा थेंब नाही. पहिल्या पाण्यात बडीशेपेची पुरचुंडी. फेस मी पंधरा मिनिटं उभी राहून काढला. पाणी वाटीत दिलं तेव्हा त्यांनी दोनदा मागितलं. काळा मसाला त्यांनी स्वतः येताना आणला होता, आणि भाजलेलं खोबरं पाट्यावर वाटून हवं म्हणून हट्ट धरला. पाटा माझ्याकडे नाही, खलबत्त्यात कुटलं, त्यावर त्या गप्प बसल्या.

वास आला नाही. म्हणजे मेंढीचा असा एक येतो तो आलाच, पण ओळखीचा, भिववणारा नाही. ताटात सगळे बसल्यावरच पातेलं उतरवलं. सासूबाईंनी दीड भाकरी खाल्ली. महिनाभर अर्धीच्या वर जात नव्हत्या. नळी मागून घेतली, ताटाच्या काठावर ठोकली, आतलं निघेना तशी मुलाला म्हणाल्या, ‘तू ओढ रे.’ त्याने ओढून त्यांच्याच भाकरीवर ठेवलं.

जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं की तळवलीला पुतणीची हळद कधी आहे. मी सांगितलं, सतरा तारखेला. म्हणाल्या, ‘मला ने. मी माझा डबा आणीन. तुझ्या आईच्या पंगतीला बसून खाईन.’ आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. म्हणते, त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या मी माझ्या हाताने करते, वेगळ्या तव्यावर.

तेव्हा आता शेवटचा प्रश्न. माजिवड्याहून तळवलीला गाडीने पाऊण तास धरू, पण हळदीची पंगत रात्री दहाच्या आधी बसत नाही. एवढा वेळ चरबी थिजू न देता डबा न्यायचा कसा?

---

सुरीवाला | पुढचा रविवार, रात्री १०:३०

पाठीचं घेऊ नका, पुढचा खांदा आणि मानेचं घ्या, त्यात वरची चरबी कमी. सकाळी शिजवून फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. वर जो पांढरा थर बसेल तो चमच्याने सगळा काढून टाका. संध्याकाळी खळखळून उकळा आणि उकळतं असतानाच स्टीलच्या थर्मासच्या डब्यात काठोकाठ भरा. डबा आधी कढत पाण्याने विसळून घ्या. तरी तळवलीला एक छोटं पातेलं वेगळं मागून ठेवा, पंगत बसताना पुन्हा एक उकळी द्या. आणि मांडवात चुलाणं असतीलच, तेव्हा तुमचं पातेलं बोकडाच्या टोपांपासून लांबच्या चुलीवर ठेवायला आधीच कुणाला तरी सांगून ठेवा, नाहीतर गर्दीत कुणाचा तरी चमचा त्यात जाईल.